दोघांच्या मधली जागा: प्रेमचित्रातलं न बोललेलं वाचायला शिकताना

अरुंद, वळणाचा दगडी जिना. त्यावर दोघं जण एकमेकांना ओलांडून जाता जाता थांबलेत. तो चिलखतात आहे, तिच्या अंगावर पायघोळ निळा झगा आहे. त्यानं तिचा हात धरलाय आणि डोळे मिटून त्या हातावर चेहरा टेकवलाय. तिनं तोंड पलीकडे फिरवलंय. दोघांची नजर भेटत नाही.

फ्रेडरिक विल्यम बर्टन या आयरिश चित्रकाराचं हे १८६४ सालचं चित्र, ‘बुरुजाच्या जिन्यावरची भेट’. ते डब्लिनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आयर्लंडमध्ये आहे. कागदावरचे जलरंग उजेडानं फिके पडतात, म्हणून ते एरवी बंद कपाटात असतं आणि आठवड्यातले मोजके तासच लोकांसाठी उघडलं जातं.

‘या दोघांमध्ये काय चाललंय?’ असं कुणालाही विचारा. पहिलं उत्तर येतं ‘प्रेम’. जरा थांबून दुसरं, ‘दुःख’. चूक काहीच नाही, पण हाताशीही काही लागत नाही. प्रेम आणि दुःख हजार चित्रांत सापडेल. या चित्रात तिनं तोंड का फिरवलं? ती रागावली आहे, लाजली आहे, की त्याच्याकडे पाहिलं तर आपला पाय निघणार नाही हे तिला पुरतं ठाऊक आहे? खरा प्रश्न हा आहे. आणि त्याचं उत्तर अंदाजानं ठोकून द्यावं लागत नाही, चित्रात बघून शोधता येतं.

कसं बघायचं, ते इथे टप्प्याटप्प्यानं सांगते. चित्रकलेचं शिक्षण लागत नाही, इतिहास पाठ असावा लागत नाही. माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती फिरतं: दोन माणसांच्या चित्रात भावना शोधायची ती आधी त्यांच्या मधल्या जागेत. चेहऱ्यांकडे सगळ्यात शेवटी जायचं.

आधी तयारी

एकच चित्र घ्या. दहा नकोत. छापील प्रत असेल तर शक्य तितकी मोठी, पडद्यावर बघत असाल तर जवळ आणून बघता येईल इतकी स्पष्ट. वही, पेन्सिल आणि कागदाचे दोन-तीन तुकडे जवळ ठेवा. वीस मिनिटं मोकळी असू द्या. घाईत बघितलेलं चित्र डोळ्यांसमोरून नुसतं जातं.

चित्राचं नाव आणि खालची माहिती वाचू नका. शेजारी पाटी असेल तर झाकून ठेवा. तिची वेळ येणार आहे, पण आत्ता वाचलीत तर डोळे तेवढंच शोधत बसतील.

वहीत तीन रकाने आखा: ‘दिसलं’, ‘कळलं’, ‘वाटलं’. पहिल्या रकान्यात जे शेजारी बसलेल्या माणसाला बोट ठेवून दाखवता येईल तेच लिहायचं. ‘मान खाली आहे’ हे दिसलं. ‘तिला त्याच्याकडे बघायचं नाहीये’ हे कळलं, म्हणजे दिसलेल्यावरून काढलेलं. ‘तिचा विश्वासघात झालाय’ हे वाटलं. वाटण्याला मनाई नाही, पण त्याची जागा तिसऱ्या रकान्यात. बहुतेक चुकीची वाचनं होतात ती वाटलेलं पहिल्या रकान्यात लिहिल्यामुळे.

पहिली पाच मिनिटं फक्त पहिला रकाना भरा. भावनेचा एकही शब्द लिहायचा नाही. ‘उदास चेहरा’ असं लिहावंसं वाटलं तर स्वतःला अडवा आणि विचारा, उदास म्हणजे नेमकं काय दिसतंय? ओठांचे कोपरे खाली आहेत का? भुवया आत ओढल्यात का? की चेहऱ्यावर सावली आहे, एवढंच? पुष्कळदा ते ‘एवढंच’ असतं.

चेहरे झाका

आता कागदाचे तुकडे घ्या आणि दोघांचेही चेहरे झाका.

पहिल्यांदा हे विचित्र वाटतं, कारण आपण माणसं चेहरा वाचूनच लहानाची मोठी होतो. पण चित्रातला चेहरा हा सगळ्यात सहज बदलता येणारा भाग असतो. याचा एक धडधडीत पुरावा आहे. विल्यम होल्मन हंट या इंग्रज चित्रकारानं १८५३ साली ‘जागी झालेली सदसद्विवेकबुद्धी’ हे चित्र काढलं. श्रीमंत पुरुष पियानोपाशी बसून गातोय आणि त्यानं ठेवलेली तरुणी त्याच्या मांडीवरून अर्धवट उठते आहे, तो क्षण. चित्र प्रथम लोकांसमोर आलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती आणि वेदना होती. ज्यानं ते विकत घेतलं होतं त्या थॉमस फेअरबेर्नला तो चेहरा रोज समोर बघवेना. त्यानं गळ घातली आणि हंटनं चेहरा पुन्हा रंगवून सौम्य केला. आज लंडनच्या टेट संग्रहालयात दिसतो तो हा दुसरा चेहरा.

तरीही चित्राचा अर्थ फारसा हलला नाही. कारण शरीर तेच राहिलं. ती अजूनही उठतेच आहे, त्याचा हात अजूनही पियानोच्या पट्ट्यांवर आहे, तिच्यात काय घडून गेलं याचा त्याला पत्ता नाही. चेहरा झाकून हे चित्र बघितलं तरी कळतं की एका मांडीवर आता दोन वेगवेगळे दिवस चाललेत. त्याच्यासाठी नेहमीची संध्याकाळ आहे, तिच्यासाठी काहीतरी संपलंय.

चेहरे झाकल्यावर पाय बघा. अंगाचा भार कुठल्या पायावर आहे? पावलं कुठल्या दिशेला वळलीत? तोंडदेखलं हसता येतं, पावलं मात्र जायचं असेल तिकडेच वळतात, आणि चांगल्या चित्रकाराला हे माहीत असतं. फ्रान्चेस्को आयेझ या इटालियन चित्रकाराचं १८५९ सालचं ‘चुंबन’ मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात आहे. वरवर बघणाऱ्याला तिथे फक्त गाढ चुंबन दिसतं. चेहरे एकमेकांत आणि टोपीच्या सावलीत जवळजवळ हरवलेत, म्हणजे चेहऱ्यावरून काही कळायची सोयच नाही. आता खाली या. त्याचं एक पाऊल जिन्याच्या पायरीवर चढलेलं आहे. झग्याआडून खंजिराची मूठ डोकावते. मागे डाव्या बाजूला कुणाची तरी सावली आहे. हा माणूस मुक्कामाला आलेला नाही, निघाला आहे. ते पाऊल एकदा दिसलं की चुंबनाचा अर्थच पालटतो: एवढी घट्ट मिठी, कारण वेळ उरलेला नाही.

गुस्ताव क्लिम्टच्या १९०७-०८ मधल्या सोनेरी ‘चुंबना’तही मी नेहमी पायांकडेच जाते. फुलांचा ताटवा जिथे संपतो, अगदी त्या कडेवर ती गुडघ्यांवर आहे आणि तिच्या पायांची बोटं आत वळून घट्ट झालीत.

स्वतः करून बघा

ही पायरी लोक टाळतात, संकोचतात. टाळू नका. उठा आणि चित्रातल्या एका माणसासारखे उभे राहा. पाय तसेच, खांदे तसेच, मान तेवढीच वळलेली. अर्धा मिनिट थांबा. मग दुसऱ्यासारखे उभे राहा. कुणी सोबत असेल तर दोघं मिळून करा.

शरीर लगेच सांगतं. एखादी पोझ दिसायला सैल वाटते, पण उभं राहिल्यावर मानेला रग लागते, म्हणजे चित्रातला माणूस ताणात आहे. दुसरी पोझ दिसायला अवघड असते, पण प्रत्यक्षात भार सगळा समोरच्यावर टाकलेला असतो, म्हणजे तिथे विसावा आहे. जिन्यावरच्या भेटीतल्या तिच्यासारखं उभं राहून बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की हात मागे कुणाच्या तरी हवाली करून तोंड दुसरीकडे ठेवायचं तर अंगाला पीळ पडतो. अंगाचे जणू दोन भाग होतात, एक इथे राहणारा, एक निघालेला. हे मी कितीही वेळ नुसतं बघत बसले असते तरी सुचलं नसतं.

नजरेच्या रेषा

आता चेहरे उघडा, पण फक्त डोळ्यांसाठी. प्रत्येकाच्या डोळ्यांपासून तो जिथे बघतोय तिथपर्यंत वहीत एक रेघ काढा. रेघा कुठे मिळतात, कुठे चुकतात, ते बघा.

दोघंही एकमेकांकडे बघत असतील तर विचारा, आधी नजर कोण काढून घेईल? एक बघतोय आणि दुसरा बघत नाहीये, असं असेल तर थांबा, कारण प्रेमचित्रांत सगळ्यात जास्त बोलकी मांडणी ही असते. जो बघत नाहीये त्याला आपण बघितले जातोय हे माहीत आहे का? माहीत असेल तर न बघणं ही त्याची कृती आहे आणि तिला अर्थ आहे. माहीत नसेल तर सगळी ओढ बघणाऱ्याच्या बाजूला. दोघं तिसऱ्याच एका गोष्टीकडे बघत असतील तर तिथे बहुधा सोबत असते, किंवा दोघांचा मिळून असलेला धोका. आणि दोघं दोन दिशांना बघत असतील तर लगेच ‘दुरावा’ लिहू नका. तो दुरावा असेल किंवा इतकी सवयीची जवळीक असेल की बघायची गरजच उरलेली नाही. निवाडा हातांवरून होईल.

आपल्याकडच्या लघुचित्रांत या रेघा काढणं फार सोपं जातं, म्हणून नवशिक्यांनी तिथून सुरुवात करावी असं मी आग्रहानं सांगते. त्यातले चेहरे बहुतेक एकचश्म असतात, म्हणजे एका बाजूनं, एकच डोळा दिसेल असे. त्यामुळे नजर बाणासारखी सरळ जाते. मधे पुष्कळदा सखी असते. ती एका हातानं नायिकेला समजावते, दुसऱ्या हातानं नायकाकडे बोट दाखवते, आणि ज्यांचं प्रेम आहे ते दोघं मात्र एकमेकांकडे बघतच नाहीत. सगळं बोलणं सखीच्या हातांतून चाललेलं असतं.

हात

इथे वेळ घालवा. वीस मिनिटांतली सात-आठ इथे गेली तरी चालतील.

प्रत्येक हाताला चार प्रश्न विचारायचे. स्पर्श कुणी केलाय? ज्याला केलाय त्याचं अंग त्या स्पर्शाकडे आलंय की मागे गेलंय? बोटांत दाब किती आहे? आणि दुसरा, मोकळा हात काय करतोय? शेवटचा प्रश्न सगळे विसरतात. एका हातानं माणूस जे कबूल करतो ते दुसऱ्या हातानं नाकारत असतो.

रेम्ब्रांचं एक चित्र ॲमस्टरडॅमच्या राईक्सम्युझियममध्ये आहे, साधारण १६६५ ते १६६९ या काळातलं. लोक त्याला ‘ज्यू नववधू’ म्हणतात. एक पुरुष, एक स्त्री, भारी कपडे, मागे अंधार. पहिल्यांदा त्याची प्रत बघितली तेव्हा मी वहीत ‘मायाळू नवरा, लाजरी बायको’ असं लिहून पान उलटलं होतं. पुष्कळ महिन्यांनी परत त्या पानावर आले, तेव्हा हात बघितले.

त्याचा एक हात तिच्या खांद्यामागून आला आहे. दुसरा तळवा तिच्या छातीवर आहे, सपाट. कुठेही पकड नाही, बोटं आवळलेली नाहीत. जड बाह्यांच्या त्या माणसानं आपला हात इतका हलका ठेवलाय की जणू आत काहीतरी ऐकतोय. आणि तिनं आपल्या बोटांची टोकं त्याच्या त्या हातावर ठेवली आहेत. हात बाजूला करण्यासाठी ती बोटं पुरी पडणार नाहीत. धरून ठेवण्यासाठीही नाहीत. ती फक्त ‘असू दे’ म्हणतात. तिचा दुसरा हात पोटाशी आहे, स्वतःला सावरून. दोघंही एकमेकांकडे बघत नाहीत. बघायची गरजच नाही, सगळं त्या तीन-चार बोटांच्या टोकांवर चाललंय. ‘लाजरी’ हा शब्द मी खोडला. लाजणारी बाई हात झाकते किंवा काढून घेते. ही संमती देते आहे, आणि तीही शांतपणे.

१८८५ साली व्हॅन गॉगनं हे चित्र बघितलं आणि तो त्यासमोरून हलायला तयार होईना. कोरड्या भाकरीच्या तुकड्यावर चौदा दिवस इथे बसायला मिळालं तर आयुष्याची दहा वर्षं देईन, असं तो सोबतच्या मित्राला म्हणाल्याची आठवण त्या मित्रानं सांगितली आहे. मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

हातांचं दुसरं उदाहरण जॉन एव्हरेट मिले या इंग्रज चित्रकाराचं, १८५२ साली प्रदर्शनात लागलेलं. बागेच्या भिंतीपाशी दोघं बिलगून उभी. ती त्याच्या दंडावर पांढरं फडकं बांधते आहे. तो तिला जवळ घेऊन तिच्या डोळ्यांत बघतोय, आणि त्याच मिठीत बोटांनी ते फडकं ओढून काढतोय. २४ ऑगस्ट १५७२ ला पॅरिसमध्ये प्रोटेस्टंटांची कत्तल झाली, तेव्हा दंडावरचं पांढरं फडकं ही कॅथलिकांची खूण होती. ते बांधलं तर तो जगेल. तो प्रोटेस्टंट, म्हणून तो बांधू देत नाही. गंमत अशी की मिलेच्या डोक्यात सुरुवातीला नुसतेच भिंतीपाशी कुजबुजणारे प्रेमिक होते, आणि वर ज्याचं चित्र बघितलं त्या हंटनंच त्याला सांगितलं की यात दम नाही. मग ते फडकं आलं. मिठी तीच, भिंत तीच, पण एका कापडाच्या दोन टोकांना दोघांच्या दोन इच्छा आल्या आणि चित्र जिवंत झालं. तुमच्या चित्रात असं ‘फडकं’ शोधा: अशी एक जागा, जिथे दोघांचेही हात पोचतात आणि दोघांना वेगवेगळं काही हवं असतं.

मधली जागा मोजा

एकीच्या किंवा एकाच्या चेहऱ्याची रुंदी पेन्सिलीवर बोटानं धरा आणि दोघांच्या मधे असे किती चेहरे मावतात ते मोजा. अर्धा? दोन? सहा? आकडा लिहून ठेवा. मग बघा, त्या जागेत चित्रकारानं काय ठेवलंय.

एदगार देगानं १८६८-६९ च्या सुमाराला रंगवलेलं ‘अंतर्गृह’ फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहे. त्याला प्रेमचित्र म्हणवत नाही, पण मधली जागा शिकायला त्याच्यासारखं दुसरं नाही. उजव्या टोकाला दाराला पाठ लावून पुरुष उभा, डाव्या टोकाला त्याच्याकडे पाठ करून अर्धवट कपड्यांत बसलेली बाई. मधे अख्खी खोली. त्या खोलीच्या मध्यावर टेबल, दिवा आणि एक उघडी पेटी, जिचं आतलं अस्तर दिव्याच्या उजेडात उजळलंय. जमिनीवर कपडे. सगळा प्रकाश त्या उघड्या पेटीत पडलाय आणि माणसं कडांना ढकलली गेलीत. तो दारातच आहे, म्हणजे तिला बाहेर जायचं तर त्याच्यावरूनच जावं लागेल. हे सगळं अंतर आणि जागेनं सांगितलं, चेहरे जवळजवळ काहीच बोलत नाहीत.

उलटही होतं. मधे बोटभर जागा असते आणि तीच असह्य होते.

वस्तू आणि उजेड

यावर थोडक्यात सांगते, कारण नवशिके इथेच जास्त रमतात आणि इथेच वाहवतात. ‘पांढरं फूल म्हणजे पावित्र्य, कुत्रा म्हणजे निष्ठा’ अशा याद्या पाठ करून चित्रावर लावू नका. वस्तूचा अर्थ माणसांच्या अंगावरून आधी कळलेल्या गोष्टीला दुजोरा देत असेल तरच धरा. हंटच्या चित्रात टेबलाखाली मांजर पक्ष्याशी खेळतंय आणि त्या तरुणीच्या लग्नाच्या बोटात तेवढी अंगठी नाही. या दोन्ही गोष्टी तिच्या उठण्याला पुष्टी देतात, म्हणून त्या कामाच्या. मागच्या आरशात उघडी खिडकी आणि बाग दिसते, म्हणजे ती ज्याकडे बघतेय ते आपल्याला आरशामुळे दिसतं.

लघुचित्रांची गोष्ट वेगळी. तिथे खुणांची भाषा ठरलेली होती आणि चित्रकार आणि रसिक दोघांनाही ती येत होती. नाट्यशास्त्रानं नायिकेच्या आठ अवस्था नावं देऊन सांगितल्या आहेत. शेज सजवून वाट बघणारी वासकसज्जा, पावसात विजेच्या उजेडात सापांची पर्वा न करता निघालेली अभिसारिका, पहाटे परतलेल्या नायकाला दारातच अडवणारी खंडिता. त्या नायकाच्या कपाळावर लाल डाग दिसला तर तो दुसरीच्या पायाचा आळता असतो. तिला आणखी काही विचारावं लागत नाही, तुम्हालाही नाही.

आधीचा क्षण, नंतरचा क्षण

चित्र म्हणजे थांबवलेली हालचाल. एका क्षणापूर्वी हे दोघं कुठे होते? पुढच्या क्षणी कोण आधी हलेल? दोन्ही उत्तरं ‘कळलं’ रकान्यात बसतील इतकी पुराव्याची हवीत. आयेझच्या चित्रात पायरीवरचं पाऊल पुढचा क्षण सांगतं. रेम्ब्रांच्या चित्रात मला पुढचा क्षण दिसतच नाही, ते दोघं तसेच राहणार आहेत. तो फरकही लिहून ठेवण्यासारखा.

आता पाटी वाचा

सगळं लिहून झाल्यावरच नाव आणि गोष्ट वाचायची. आणि वाचतानाही तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. रेम्ब्रांनं आपल्या चित्राला ‘ज्यू नववधू’ म्हटलं नव्हतं. ते नाव एकोणिसाव्या शतकातलं. तेव्हा एका संग्राहकाला वाटलं की बाप लेकीला लग्नाच्या दिवशी गळ्यातलं घालतोय. तो तळवा आणि ती बोटं ज्यानं बघितली त्याला हे पटणार नाही. आज अभ्यासकांचा कल आहे तो बायबलमधल्या इसहाक आणि रिबेका यांच्याकडे. जिवाच्या भीतीनं हे नवरा-बायको परमुलखात भाऊ-बहीण म्हणून राहत होते, आणि राजानं त्यांना एकांतात बघितल्यावर खरं उघडकीला आलं. रेम्ब्रांच्या एका रेखाटनात तो बघणारा राजाही आहे, रंगवलेल्या चित्रात तो नाही. आता त्या हलक्या हातांकडे पुन्हा बघा. चोरून मिळालेला एकांत आहे तो.

शब्द शोधताना

शेवटी भावनेला नाव द्यायचं. मराठीत याची इतकी श्रीमंती आहे की ‘प्रेम’, ‘दुःख’, ‘राग’ यांवर भागवणं म्हणजे भरल्या घरात उपाशी राहणं.

राग एकट्याला येतो, रुसव्याला समोर कुणीतरी मनवणारं लागतं. म्हणून पाठ फिरवलेल्या आकृतीचा कान किंवा खांदा थोडासा मागे, समोरच्याकडे कललेला दिसला तर रुसवा लिहा. पूर्ण अंग गेलेलं असेल तर राग. अबोला दोघांचा मिळून असतो, दोघांनाही त्याची सुरुवात माहीत असते. दुरावा कुणी ठरवून आणत नाही, म्हणून त्यात अंगं सैल पडलेली असतात. ओढीला दिशा असते, अंग झुकतं. हुरहुरीला दिशा नसते, नजर कुठेच ठरत नाही. घालमेल म्हणजे एकाच वेळी दोन्हीकडे जावंसं वाटणं, ती मान आणि पाय उलट दिशांना असले की दिसते. अवघडलेपण हातांत असतं, त्यांना कुठे ठेवावं ते कळत नाही. लाजेला बघितलं जायचं असतं आणि लपायचंही असतं, संकोचाला फक्त लपायचं असतं. ही यादी तुम्ही वाढवा. घरात बोलले जाणारे शब्द आधी घ्या, पुस्तकी नंतर.

आणि नियम असा की दोघांसाठी एकच शब्द वापरायचा नाही. त्याचं एक वाक्य, तिचं एक वाक्य. प्रत्येक वाक्यात त्या माणसाला काय माहीत आहे आणि काय हवंय, ते आलं पाहिजे.

माझ्या वहीतलं एक पान

जिन्यावरच्या त्या दोघांवर मी आधी एका छोट्या छापील चित्रावरून लिहिलं होतं, ‘ती रुसली आहे’. मोठी प्रत मिळाल्यावर पापण्या दिसल्या, खाली झुकलेल्या. मग हाताकडे गेले. रुसलेलं माणूस आधी हात सोडवून घेतं. हिनं चेहरा काढून घेतलाय, हात काढून घेतलेला नाही. इथे माझं जुनं वाक्य कोसळलं.

मग गोष्ट वाचली. ती एका मध्ययुगीन डॅनिश पोवाड्यातली आहे, बर्टनचा मित्र व्हिटली स्टोक्स यानं १८५५ साली इंग्रजीत आणलेली. हेलेलिल ही राजकन्या आपल्या रक्षकाच्या, हिल्डेब्रांडच्या प्रेमात पडते. बाप आपल्या सात मुलांना त्याला मारायला पाठवतो. हिल्डेब्रांड सहा भावांना मारतो, सातव्यासाठी ती त्याच्याकडे पदर पसरते, आणि शेवटी हिल्डेब्रांडही उरत नाही. जिन्यावरची भेट मात्र पोवाड्यात नाही. तो सगळा रक्तपात बाजूला ठेवून बर्टननं त्याच्या आधीचा एक क्षण स्वतः रचला.

आता पान असं आहे.

‘दिसलं’ मध्ये: जिना अरुंद, चिलखत, मिटलेले डोळे, हातावर टेकलेला चेहरा, फिरवलेली मान, खाली पापण्या, सोडवून न घेतलेला हात, पायरीवर फुलाच्या पाकळ्या.

‘कळलं’ मध्ये दोन वाक्यं. त्याचं: ‘आपण परत येणार नाही हे त्याला माहीत आहे, आणि चेहरा मिळत नाही म्हणून जो हात मिळाला त्यातच तो सगळा निरोप घेतोय.’ तिचं: ‘कुणीही जिंकलं तरी आपण हरणार हे तिला माहीत आहे, आणि त्याच्याकडे बघितलं तर त्याला जाऊ देणं जमणार नाही म्हणून तिनं फक्त हात त्याच्यापाशी ठेवलाय.’

‘वाटलं’ मध्ये एकच ओळ आहे, पाकळ्यांची. त्या तिनं त्याला दिलेल्या फुलाच्या होत्या आणि हात धरताना पडल्या, असं मला वाटतं. बऱ्याच वेळा ती ओळ शेजारच्या रकान्यात न्यावीशी वाटली. अजून नेलेली नाही.